जगदेवीची तिरंदाज

मी व्हिडिओ गेमची कॅसेट बोलतेय. हसा, हसा! तुमच्या खिशातला फोन दोन वर्षांत म्हातारा होतो. माझी विशी उलटली, तरी एक दात पडलेला नाही. दात म्हणजे माझी खालची पिवळी पट्टी. ती हातातल्या खेळाच्या डब्यात खुपसली की मी जागी!

जन्म माझा जपानचा. पोटात अख्खं युद्ध घेऊन फिरते. घोडेस्वार, जादूगार, पंखांचे राक्षस, शिवाय एक नालायक बादशहा. उगाच धावपळ नाही. बुद्धिबळासारखं आधी तुम्ही हलायचं, मग शत्रूनं. आणि कायदा कडक : मेलेला शिपाई परत येत नाही, कितीही रडा.

गुंडप्पामामानं मला हैदराबादहून कमलनगरला आणलं, दोन भाचरांत मिळून. आता माणसांची वाटणी बघा! डबा मल्लेशच्या हातात, कारण तो मोठा, त्यात मुलगा. धाकट्या जगदेवीनं शेजारी बसून इंग्रजी वाचून दाखवायचं. फौजेत तिच्या वाट्याला एकच शिपाई, एक तिरंदाज पोरगी. तिला तिनं स्वतःचंच नाव दिलं.

पुलावरच्या लढाईत मल्लेश महाराजांनी तिलाच राक्षसापुढं ढकललं. "तुझी जाऊ दे, माझे घोडे वाचतेत!" तिरंदाज मेली. जगदेवी रुसून उठली ती उठलीच. महाराज शेवटच्या किल्ल्यापाशी पोचले, तिथं कंटाळले, आणि मी गेले पत्र्याच्या पेटीत.

यंदा दसऱ्याला जगदेवी सासरहून, संतपूरहून, माहेरी आली. खंडेनवमीला तिची आई अंबुबाई देवापुढं हत्यारं मांडायला बसली. विळा, खुरपं, मेंढरं कातरायची कात्री, मल्लेशचे नटबोल्ट पिळायचे पाने. ज्याचं हत्यार त्यानं आणून ठेवायचं, ही त्या घरची रीत.

"माझं कुठंय?" जगदेवीनं विचारलं.

"तुझं तिकडं, सासरी," मल्लेश म्हणाला.

ती उठली, तिनं पेटी उघडली, आणि मला डब्यासकट खुरप्याशेजारी आणून ठेवलं. "हे माझं."

"आगं, ते माझंय! कामून येड्यावानी करायलीस?"

"इतकी वर्षं पेटीत कुजायलं तवा कुणाचं हुतं, अण्णा?"

भांडण वाढायच्या आत अंबुबाईनं देवाचं नाव घेऊन भंडारा उधळला. हात सढळ! मूठभर हळद डब्याच्या फटीत, थेट माझ्या दातांत. नंतर मल्लेशनं नवे सेल घालून बटण दाबलं, तर पडदा काळाठिक्कर.

"मेलंय ते. भंगारात दे."

मेलंय म्हणे! मला तर गुदगुल्या व्हायलत्या.

जगदेवीनं खोडरबर आणून माझे दात घासले, फुंकर मारली. दिवा लागला, वाजंत्री वाजली. पण माझ्या पोटात साठवलेली मल्लेशची जुनी लढाई साफ पुसली होती. घोडे गेले, किल्ला गेला. हळदीनं गेलं की मी मुद्दाम गिळलं, ते काही सांगायची नाही.

"माझी फौज गेली की!" मल्लेशनं कपाळाला हात लावला.

जगदेवी खदखदून हसली. "तुझी गेली. पर पयल्यापासनं खेळायचं म्हणल्यावर माझी तिरंदाज जित्ती झाली की न्हाई?"

"बरं, आण डबा. मी चालवतो, तू वाच."

"न्हाई."

"घरची वस्तू हाय, जगू. घरातच ऱ्हाईल."

आता बोलली अंबुबाई. "देवापुढं कुणी ठेवलं? जिनं ठेवलं, तीच उचलील. गप बस."

मल्लेशनं पुढं केलेला हात मागं घेतला. तेवढ्यासाठी तरी मी जपानहून आले म्हणायचं!

आता माझा मुक्काम संतपूरला, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी. सासूबाई कुरकुरतात, "लेकरावानी काय खेळायलीस?" जगदेवी मान वर न करता म्हणते, "लढाई चालू हाय अव्वा, मधी बोलू नका." तरी सासूबाईच वाकून बघतात, कोण मेलं म्हणून.

काल तो पूल आला. जगदेवीनं घोडे पुढं घातले, तिरंदाज मागं टेकाडावर. घोडे जखमी झाले, सासूबाईंनी देव आठवला. मग टेकाडावरून बाण सुटला आणि राक्षस पाण्यात! तिरंदाज उभीच्या उभी.

तेव्हा भंगारवाल्या दादा, दारात उगी ओरडू नको, गाडी पुढं घे. आम्हांला अजून बादशहाला गादीवरून खाली ओढायचंय.