लालीची जांभई

माझ्या थोरल्याचं, धरमसिंगचं, हेच मला खपत नाही. मला न विचारता त्यानं ढाणकीहून महाराज आणला आणि बसवला माझ्याच अंगणात! त्या साली बोंडअळीनं तांड्याचा कापूस खाल्ला होता. ती अळी सोडणारी डाकीण महाराज दाखवणार म्हणे. अख्खा तांडा लोटला.

महाराजानं माझ्या धाकट्या सुनेला, लालीबाईला, समोर बसवलं. तिचा नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर. ही तापलेलं लेकरू घेऊन रात्ररात्र जागणारी.

"बाई, तू माह्या मुखाकडं पाहा. मुखातून मंत्र निंगते! बाकीचे हिच्याकडं पाहा. हिची हवा ज्याले शिवन, त्याचं तोंड आपोआप उघडन!"

महाराजाचं लांबलचक 'आऽऽऽ' सुरू झालं. लालीनं जांभई दिली. मग शेजारच्या बाबुलालनं, मग त्याच्या बायकोनं. जो तो घाबरून तोंडापुढं चुटक्या वाजवू लागला.

"हेच ते!" महाराज गरजला. "आजच्या आज तांड्याबाहेर काढा हिले!"

धरमसिंग तिचं गाठोडं बांधायला निघाला. लालीनं लेकरू छातीशी आवळलं.

मला कोणी 'इकडं पाहा' म्हटलं की मी तिकडं पाहते. त्यामुळे 'आऽऽऽ'च्या शेपटाला महाराजानं दिलेली जांभई मला दिसली होती.

"थांब रे! लाली, घरात जा. धरमसिंगा, तिच्या जागी बस. महाराजाच्या तोंडाकडं पाहा."

"याडी, माय, काहून तमाशा करून राह्यली?"

"बस म्हणलं ना!"

"अंगातली देवी थकली आता," महाराज पुटपुटला.

"देवी थकली का तुमी? होऊ द्या आऽऽऽ."

सारे बघत होते. त्याला तोंड उघडावंच लागलं. सवयीनं शेवटी जांभईही आली. धरमसिंगनं दात आवळले, गालफडं फुगवली. माझाही जीव टांगणीला लागला. पण उघडलंच त्याचं तोंड! पाठोपाठ बाबुलालचं.

"आता डाकीण कोणात हाय? माह्या पोरात?"

महाराज झोळी शोधू लागला.

एकाची जांभई पाहून दुसऱ्याला येते. पाळणा हलवणारी कोणतीही बाई सांगेल. का येते, ते डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही म्हणतात. असू द्या. उमगलं नाही म्हणून तिथं डाकीण बसवायची का? कोणी चमत्कार दाखवला, तर माणसं बदलून पुन्हा दाखवायला सांगा.

धरमसिंग खाली मान घालून उभा होता. साऱ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं,

"अळीचा संशय आला तं तू बोंड फोडून पाहतं. घरच्या सुनेवर आळ आला, तं काहीच पाह्यलं नाई. आता लालीची माफी माग, साऱ्यायसमोर. नाई मागशीन, तं तांड्याबाहेर तू जाशीन. लाली इथंच राहीन."