एलीनाच्या घरचं पीठ

मक्याच्या पिठाचं पोतं महिन्याभरात तळाला कसं जातं, हे एनेलेसला काही केल्या कळत नव्हतं. घरात खाणारी तोंडं तीन. आई, म्हणजे एलीना, चिमणीएवढं खायची. एनेलेस स्वतः सकाळी सहाला मोटरसायकल काढायची ती दिवस मावळताना परत, दुपारचं जेवण बाहेर कुठेतरी. उरली पाहुणी. नोरीन, आयर्लंडहून आलेली बासष्ट वर्षांची रिटायर्ड शिक्षिका, गावच्या शाळेत चौथीच्या कच्च्या पोरांना गणित शिकवायला आलेली स्वयंसेवक. काडीसारखी बाई. पण माणसाच्या अंगावरून त्याच्या पोटाचा अंदाज येत नाही, असं म्हणून एनेलेसने तो विषय सोडून दिला. बाईला न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, भलतीच आवडते, खाऊ दे.

संस्थेने एनेलेसला समन्वयक असं नाव दिलं होतं. हुद्दा ऐकायला भारदस्त, प्रत्यक्षात अकरा परक्या माणसांची आई. कुणाची मच्छरदाणी फाटली, कुणाला मलेरिया झाला असं वाटतंय, कुणाला शेळीच्या ओरडण्याने झोप नाही. झोम्बा शहराच्या चहूकडच्या गावांतून ती दिवसभर धूळ खात फिरायची आणि महिन्याच्या शेवटी अकरा फॉर्म भरून ब्लँटायरच्या ऑफिसला पाठवायची. तिचा दोन वर्षांचा करार ऑगस्टअखेर संपत होता, आणि तो वाढणार की नाही हे त्या फॉर्मांवरच ठरणार होतं. भाऊ जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. आईची औषधं, घराचं छप्पर, सगळं हिच्याच पगारावर.

आता त्यांच्या गावची, काम्पेनीची, एक गोष्ट सांगायला हवी. तिथे माणूस गेला की सगळं थांबतं. शेतातलं कुदळकाम थांबतं, गिरणी थांबते, निम्मी शाळा रिकामी होते. बायका घरटी एक भांडं पीठ आणि लाकडाची मोळी घेऊन मयताच्या घरी जातात आणि जमिनीवर पाय पसरून बसतात. दारातली बाई पीठ टोपलीत ओतते आणि कुणाच्या घरचं ते मोठ्याने सांगते, म्हणजे सगळ्यांच्या कानावर जातं. कबर घरच्यांनी खणायची नसते. ते काम गावातल्या ठरलेल्या माणसांचं. त्यांना नातवंडं म्हणतात, मग एखादा पन्नाशीचा का असेना. आणि ही नातवंडं मोठी लक्षात ठेवणारी. गिडियन दुकानदार दहा वर्षांत कुणाच्या मयताला फिरकला नव्हता. दुकान सोडून कसा येऊ, हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याचा बाप गेला तेव्हा नातवंडं कुदळी मांडीवर घेऊन आंब्याखाली बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, कुणी हललं नाही. गिडियन बोकड घेऊन आला, गुडघे टेकले, रडला. तेव्हा कुठे त्यातला एक जण उठला आणि म्हणाला, चला रे, म्हाताऱ्याचा काय दोष. बायका मात्र शेवटपर्यंत आल्या नाहीत. गिडियनच्या बायकोने एकटीने चूल फुंकली.

एनेलेस ते सगळं मोटरसायकलवरून जाता जाता बघत होती. थांबली नव्हती. खोकल्याने आणि तापाने आडवा झालेला एक डॅनिश पोरगा तिची वाट बघत होता.

दोन वर्षांत ती एकाही मयताला गेली नव्हती. रविवारी फॉर्म, शनिवारी बैठक, आणि माणसं तर सुट्टी बघून मरत नाहीत. आईचे गुडघे गेलेले, ती अंगणाच्या पलीकडे जाऊ शकत नव्हती. गावाची मुखिया नामालोम्बा म्हणून एक ठेंगणी, जाड चष्म्याची बाई होती. तिने एनेलेसला एकदा विहिरीवर अडवून सांगितलं होतं, की बाई, तुझी आईसुद्धा काही जन्माला पुरणारी नाही. एवढंच. पण तेव्हापासून रस्त्याने कुणी कुदळ खांद्यावर टाकून जाताना दिसलं, की तिला गिडियन आठवायचा, आणि मग आईच्या खोकल्याकडे कान लागायचा.

एप्रिलमध्ये हेडमास्तरांनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. नोरीन बाई नऊ महिन्यांत चौदा दिवस शाळेत नव्हत्या. विचारलं तर नोरीन सरळ म्हणाली, मयताला गेले होते.

एनेलेसच्या डोक्यात तिडीक गेली. असे पाहुणे तिने पाहिले होते. बाजार बघायचा, लग्न बघायचं, मग आमचं रडणंही बघायचं. एका पोरीने तर तिरडीचा फोटो काढला होता आणि ते निस्तरताना एनेलेसच्या नाकी नऊ आले होते. नोरीन फोटो काढत नव्हती हे खरं. कॅमेराच नव्हता तिच्याकडे. पण हौस ती हौसच.

"तुम्ही गणित शिकवायला आलात," एनेलेस म्हणाली. "मयत मोजायला नाही."

"आमच्या गावीही जावं लागतं," नोरीन म्हणाली. "नाही गेलं तर लोक विसरत नाहीत." आणि ती पुन्हा भोपळ्याची पानं निवडायला बसली.

फॉर्मवर गैरहजेरीचे तीन रकाने होते. आजारपण, मंजूर रजा, इतर. एनेलेसने इतरमध्ये चौदा लिहिलं आणि पुढे, विनापरवानगी. त्या आकड्याचं काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दहाच्या वर गेलं की संस्था स्वयंसेवकाला मुदतीआधी परत पाठवायची. दहाच्या खालचा आकडा लिहिला आणि कुणी रजिस्टर तपासलं, तर समन्वयकाची नोकरी जायची. तिने दोन कप चहा घेतला आणि खरा आकडा लिहिला.

त्या संध्याकाळी जेवताना तिने सांगून टाकलं. पाठीमागून करणं तिच्या स्वभावात नव्हतं. आईने हातातला न्सिमाचा गोळा ताटलीत परत ठेवला.

"किती दिवस लिहिलेस?"

"चौदा."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "तो कागद पाठवू नकोस."

एनेलेसने कारण विचारलं. आई नोरीनकडे बघत राहिली. नोरीनने मान हलवली, नाही म्हणून.

"लिहू दे तिला," नोरीन म्हणाली. "खरंच आहे ते. मी नव्हतेच शाळेत."

एनेलेसला वाटलं, दोघी म्हाताऱ्यांची गट्टी जमली आहे, दुसरं काय. शाळा सुटली की अंगणात बसून शेंगा सोलायच्या, एकीला दुसरीची भाषा धड येत नाही, तरी हसणं चालू. तिला थोडा मत्सरही वाटला, खोटं कशाला बोला. आईला हसवायला तिला स्वतःला किती दिवसांत वेळ झाला नव्हता.

फॉर्म गेला, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेने नोरीनला परत पाठवलं. जाताना तिने आपली छत्री आणि रबरी बूट एलीनाला दिले, ज्यांचा एलीनाला काडीचा उपयोग नव्हता. एलीनाने तिच्या कमरेला नवं छापील कापड स्वतःच्या हाताने गुंडाळलं. दोघी रडल्या नाहीत. मिनीबस आली, नोरीन कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसली, गेली. आणि एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्या महिन्यात पिठाचं पोतं संपलं नाही. एनेलेसला वाटलं, बघा, म्हणत नव्हते मी.

त्याच सुमारास विहिरीवर एका बाईने तिला म्हटलं, की तुमच्या घरचं पीठ छान बारीक दळलेलं असायचं हो. एनेलेसने तो टोमणा समजला. पगारदार बाई, गिरणीचं पीठ खाते, आम्ही आपल्या उखळात कांडतो, असा. ती उत्तर न देता बादली उचलून निघून आली.

एलीना ऑगस्टमध्ये गेली. मंगळवारी सकाळी. चहा मागितला, एनेलेस कप घेऊन आली तोवर संपलं होतं. एनेलेसने कप खाली ठेवला आणि आईच्या पायाशी बसली. आधी रडूच आलं नाही. आधी भीती आली. तिची तिला लाज वाटली, आईचं अंग अजून गरम होतं आणि हिच्या मनात काय, तर कुदळी.

शेजारणीला हाक मारली, तिने निरोप पुढे नेला. एनेलेसने दारात चटई घातली आणि रस्त्याकडे बघत बसली. कोंबडा बांधून ठेवला होता, मुखियाच्या पायाशी ठेवायला. मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. माझं चुकलं. माझं चुकलं, पण आईचं काही चुकलेलं नाही, ती चालू शकत नव्हती. गिडियनची बायको आठवली, एकटीने चूल फुंकणारी. आपल्याला तर चूल फुंकायलाही कुणी नाही.

पहिली मोळी आली ती विहिरीवरच्या त्या बाईच्या डोक्यावरून. तिच्यामागे आणखी दोघी. मग पाच. बायका आत शिरल्या, पाय पसरून बसल्या, पैकी एकीने रडण्याचा सूर लावला. एक बाई न सांगता दारात टोपली घेऊन बसली आणि पिठाची भांडी ओतून घेत घराघराची नावं पुकारू लागली. एनेलेस उभीच राहिली. बाहेर आंब्याखाली नातवंडं जमली होती. सहा, सात, मग दहा. त्यांनी मुखियाला विचारलं, जागा कुठली, आणि बसलीसुद्धा नाहीत. कुदळी उचलल्या आणि कबरस्तानाच्या वाटेला लागली.

एनेलेसने कोंबडा बगलेत घेतला आणि मुखियासमोर गुडघे टेकले. जुळवलेली वाक्यं पार विसरली.

"मी कुणाकडे आले नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं. मला माहीत आहे."

"नाही आलीस," नामालोम्बा म्हणाली. "तुझं घर आलं."

एनेलेसला काही समजेना. मुखियाने चष्मा काढून कमरेच्या कापडाने पुसला आणि शांतपणे सांगितलं. आयर्लंडची ती म्हातारी यायची. दर मयताला. दोन्ही हातांत पिठाचं भांडं धरून, निम्मं वाटेत सांडत. एलीनाने तिच्याकडून आमच्या भाषेतलं एकच वाक्य घोकून घेतलं होतं, तेवढंच ती दारात म्हणायची. मुखियाने ते नोरीनच्या आवाजात म्हणून दाखवलं, जड जिभेने, एकेक शब्द ठेवत: "मी, एलीनाच्या, घरून, आले." आत बसलेल्या बायका भर दुःखात हसल्या. मग म्हणे ती सगळ्यांसारखी जमिनीवर बसायची, संध्याकाळपर्यंत. भांडी घासायची. कंटाळून उठून गेली असं एकदाही झालं नाही.

"पहिल्यांदा आम्हीच बुचकळ्यात पडलो," मुखिया म्हणाली. "तिला मोजायचं की नाही. मी एलीनाला विचारायला आले होते. ती म्हणाली, माझे पाय गेलेत आणि मुलीला वेळ नाही, मग मी हे पाय पाठवते. पीठ माझं आहे ना? आम्हाला ते पटलं."

"मला का नाही सांगितलं?"

"तू आईला अडवलं असतंस. ती म्हणायची, पोरीची नोकरी आहे, तिला यात नको." मुखियाने चष्मा परत चढवला. "चौदा वेळा आलं तुझं घर. कोंबडा बांधून ठेव, नातवंडांना जेवायला लागेल."

चौदा. एनेलेस तिथेच धुळीत बसली आणि मग तिला रडू आलं, घरातल्या बायकांपेक्षा मोठ्याने. लोकांना वाटलं, आईसाठी. आईसाठी होतंच. पण आईने तो आकडा विचारला तेव्हाचा तिचा चेहरा एनेलेसच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आई आपल्या मयताचा जमाखर्च पडताळून बघत होती, आणि हिने त्याच आकड्यापुढे विनापरवानगी लिहिलं होतं.

आठवड्याने तिने नोरीनला मेसेज पाठवला. खूप लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच उरलं, की आई गेली, आणि मला माफ करा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माफीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. नोरीनने विचारलं होतं, कबर कुणी खणली? एनेलेसने लिहिलं, सगळ्यांनी.

करार मात्र वाढला. ब्लँटायरहून पत्र आलं, त्यात नोंदी काटेकोर ठेवल्याबद्दल तिचं खास कौतुक होतं. तिने ते घडी करून फॉर्मांच्या फाइलमध्ये घातलं. फाडलं नाही. पगार लागतोच.

सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी गिडियन दुकानदाराची सासू गेली. त्या दिवशी एनेलेसला विमानतळावरून दोन नवे स्वयंसेवक आणायचे होते. तिने ड्रायव्हरला फोन करून एकट्याला जायला सांगितलं. स्वतःच्या हजेरीच्या फॉर्मवर इतरच्या रकान्यात एक लिहिलं आणि पुढे मयत. मग आईचं भांडं घेतलं, काठोकाठ पीठ भरलं, कमरेला कापड गुंडाळलं आणि मोटरसायकल न काढता चालत निघाली.

गिडियनच्या दारात टोपलीशी बसलेली बाई बाहेरगावची होती, गिडियनच्या बायकोच्या माहेरची. तिने भांडं हातात घेतलं आणि कुणाच्या घरून, म्हणून विचारलं.

"मी एलीनाच्या घरून आले," एनेलेस म्हणाली.

बाईने पीठ टोपलीत ओतलं, मागे वळली आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, एलीनाच्या घरचं.