एनॉकची काठी आणि सतरा नंबरचा पट्टा

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. आणि आधीच सांगून टाकते, मी जळकुकडी आहे. म्हातारपणी खोटं बोलून काय मिळवायचं?

माझा जन्म नदीकाठच्या एका स्प्रूसच्या, म्हणजे सुईसारख्या पानांच्या, झाडात झाला. आमच्या उत्तरेत झाडांना घाई नसते. तुमच्या मनगटाएवढं जाड व्हायला ती शंभर शंभर वर्षं लावतात. एनॉक नावाच्या शिकाऱ्याने मला कापलं, सोललं, महिनाभर तंबूच्या धुरात टांगलं आणि माझ्या पायाला कॅरिबूच्या शिंगाचं टोक बसवलं. कॅरिबू म्हणजे आमच्याकडचं रानटी रेनडिअर. आमच्या गावच्या, म्हणजे इथल्या मूळच्या ग्विचिन लोकांचं जेवण तेच, जोडे त्याच्याच कातड्याचे, आणि ढोल वाजतो तोही त्याच्याच कातड्यावर.

एनॉक पुढे चालायचा आणि मला गोठलेल्या नदीवर आपटायचा. बर्फ पक्का असला की मी ‘ठण्ण’ म्हणायचे. पातळ असला की ‘भद्द’. माझं ‘भद्द’ ऐकलं की कुत्रीसुद्धा जागच्या जागी थांबायची. असा माझा दरारा होता!

मग एका वर्षी शहरातून मार्गित नावाच्या संशोधक बाई आल्या. कॅरिबू काय खातात, कुठे जातात, हिवाळा बदलला तर त्यांचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी एनॉकला विचारलं, “यंदा बर्फ किती आहे हो?”

एनॉकने मला बर्फात खुपसलं. “इतका. पण किती ते सोडा. कसा आहे, ते विचारा.”

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून दर हिवाळ्यात, दर महिन्याला, मी बर्फात शिरू लागले. भर थंडीत पाऊस पडला तर बर्फाच्या पोटात काचेसारखा कडक थर बसतो. असा थर लागला की एनॉक माझ्या मुठीजवळ चाकूने फुली कोरायचा. चाळीस हिवाळ्यांत फक्त दोन फुल्या झाल्या. बाई मला ‘माझी लाडकी’ म्हणायच्या. माझ्याबरोबर फोटोही काढायच्या.

आणि मग एनॉक गेला. त्याच्या मागोमाग बाईंनी आणलेला पट्टा आला.

काळा, चकचकीत, डब्यासारखी गाठ असलेला. त्याचा नंबर सतरा. तो एका मादीच्या गळ्यात बांधला होता, म्हणून गावाने तिचंही नाव ठेवलं, सतरावी. ती कुठे उभी आहे हे पट्टा म्हणे आभाळातल्या उपग्रहाला सांगायचा, आणि गावच्या सभागृहातल्या पडद्यावर तिचा ठिपका उमटायचा. एनॉकची नात लोरेटा तो ठिपका रोज सकाळी बघायची आणि गावच्या रेडिओवर सांगायची, “सतरावी आज डोंगराच्या पलीकडे आहे.” शाळेतली मुलं सतरावीची चित्रं काढायची. प्रत्येक चित्रात पट्टा असायचाच.

काठी मात्र एकाही चित्रात नव्हती.

मी एनॉकच्या मुलाच्या, म्हणजे सिलासच्या कोठारात, बर्फावरच्या फटफटीमागे पडून होते. बर्फ आता कोणी मोजत नव्हतं. काठीला पोट नसतं, तरी माझ्या पोटात दुखायचं. मी चाळीस वर्षं बर्फात तोंड खुपसलं, आणि हा कालचा पट्टा फुकट गळ्यात मिरवतो! मला कधी कोणी जिवंत कॅरिबूच्या अंगाला लावलं होतं का? मी दिवसभर एकच मागणं मागायचे, ‘पट्ट्या, तुझं तोंड बंद होवो.’

मित्रांनो, एका एप्रिलमध्ये ते बंद झालं.

ठिपका हलायचा थांबला आणि तांबडा झाला. सतरावी मेली होती. आणि ठिपका होता सिलासच्या शिकारीच्या झोपडीपासून अगदी थोड्या अंतरावर. त्याच दिवशी सिलास झोपडीहून घसरगाडीवर मांस घेऊन गावात आला होता.

आमच्याकडे एक रीत आहे. कळपाच्या पुढे चालणाऱ्या माद्यांना कोणी मारत नाही. वाट त्यांनाच माहीत असते. त्या बिनधोक गेल्या की मागचे हजारो त्यांच्या पावलांवर येतात. त्यांना मारलं तर कळप वाट बदलतो आणि सगळं गाव उपाशी बसतं. सतरावी ही अशीच पुढची मादी होती.

“मी मारला तो मागे राहिलेला म्हातारा नर होता,” सिलास सगळ्यांना सांगत होता. कोणी त्याला तोंडावर खोटं म्हटलं नाही. नुसतं त्याच्या हातचं मांस घ्यायचं बंद केलं. तो दारोदार वाटा घेऊन गेला. शेजारचा आबेल दारातूनच म्हणाला, “आमच्याकडे आहे बाबा. फार आहे.” खरं तर त्याच्या घरी आठवडाभर डब्यातलं सूप चाललं होतं.

शिकार वाटून खाणाऱ्या ग्विचिन माणसाला याहून मोठी शिक्षा नाही. सिलास कोठारात येऊन माझ्याजवळ बसायचा. चाकूला धार लावायचा, पुन्हा लावायचा. आणि मी? मला पट्टा गप्प झाल्याचा इतका आनंद झाला होता, की शेजारी बसलेल्या माणसाचं दुःख मला दिसलंच नाही. आजही ते आठवलं की माझं लाकूड आकसतं.

लोरेटा रडवेली होऊन आजीकडे गेली. एनॉकची बायको डॉर्कस चुलीपाशी बसून कातडं घासत होती.

“शित्सू,” लोरेटा म्हणाली. आमच्यात आजीला अशीच हाक मारतात. “बाईंचं हेलिकॉप्टर महिन्याने येणार. तोवर लांडगे आणि कावळे हाडंसुद्धा ठेवणार नाहीत. मग बाबांचं खरं कोण मानेल?”

“मग आपणच जाऊ. हाडं आहेत तोवर.”

“तू? तुझे गुडघे बघ आधी!”

“गुडघे फटफटीवर बसतील, पोरी. आबेललाही घे. जीभ त्याची चालते ना, मग डोळेही चालू देत. आणि ती काठी काढ.”

“काठी कशाला? पट्ट्याने जागा सांगितली आहे.”

“कुठे जायचं ते पट्ट्याने सांगितलं. मधल्या नदीचं कोण सांगणार, तुझा उपग्रह?”

हे ऐकून मी फुगून दुप्पट जाड झाले असेन!

आम्ही निघालो, सिलासही. आबेल आपल्या फटफटीवरून मागून भरधाव येत होता. नदीवर सिलास उतरला आणि मला आपटत पुढे चालला. ठण्ण. ठण्ण. भद्द.

“आबेल, थांब!” सिलास ओरडला. आबेल थांबला. त्याच्यापुढे दहा पावलांवर पातळ बर्फाखाली काळं पाणी दिसत होतं.

“एप्रिलमध्ये इथं कधी पाणी नसतं,” आबेल पुटपुटला.

“नसायचं,” डॉर्कस म्हणाली.

माझा ताठा विचारू नका. पट्ट्याला जमलं असतं का हे? नुसता गळ्यात लोंबकळणारा!

सतरावी एका उतारावर पडली होती. कोल्ह्यांनी तिला अर्धं खाल्लं होतं. कुठेही गोळीची खूण नव्हती.

आबेल नजर चुकवत म्हणाला, “गोळी मांसात असेल, मावशी. मांस तर कोल्ह्यांच्या पोटात गेलं.”

डॉर्कसने मादीच्या पायाचं हाड घेतलं, दगडावर ठेवून फोडलं आणि आबेलपुढे धरलं. धडधाकट कॅरिबूच्या हाडातला मगज लोण्यासारखा पांढरा आणि घट्ट असतो. हा तांबडा होता, पाण्यासारखा. थेंब थेंब गळत होता.

“हिला गोळीने मारलंय? बघ नीट. ही उपाशी मेली रे, पोटात पोर घेऊन.”

मग लोरेटाला आजूबाजूचे खड्डे दिसले. कॅरिबू पुढच्या पायांनी बर्फ उकरतात आणि खालचं शेवाळ खातात. तुमच्या मसाल्यातल्या दगडफुलासारखंच असतं ते. सगळे खड्डे वीतभर खोल होते आणि त्यांच्या काठांवर रक्त होतं.

सिलासने मला बर्फात खुपसलं. वीतभर गेले आणि टक्! थर. त्याने जोर लावला. पुन्हा टक्! दुसरा. तिसऱ्या थराला मी कडाडले. माझ्या अंगाला उभी चीर गेली, पण मी पलीकडे गेले. त्याने मला उपसलं तसं तळाचं शेवाळ वर आलं. ते बर्फाच्या तुकड्यात, काचेत मासा अडकावा तसं अडकलं होतं. दिसत होतं, पण खाता येत नव्हतं.

“डिसेंबरात दोन दिवस पाऊस पडला होता,” आबेल हळूच म्हणाला. “पोरं अंगणात घसरत होती. आम्ही हसत होतो.”

लोरेटाने एका खड्ड्यात हात घातला. “मार्चभर तिचा ठिपका एवढा एवढासाच सरकत होता. मी रेडिओवर म्हणाले, सतरावी आळशी झाली. सगळे हसले. एकदा जरी काठी घेऊन बघितलं असतं...”

“बघून तिला वाचवता आलं नसतं,” डॉर्कस म्हणाली. “पण तुझ्या बापावर आळ आला नसता.”

लोरेटाने मादीच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि घसरगाडीवर माझ्या शेजारी ठेवला. मित्रांनो, मी त्याला पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. आतल्या बाजूला सतरावीचे केस चिकटले होते. मी ज्याचा हेवा करत होते ते हेच. ती खड्डे उकरत होती तेव्हा तो तिच्या गळ्याशी होता. ती गुडघ्यांवर बसली तेव्हाही. तिचा श्वास थांबेपर्यंत तो तिथेच होता, आणि त्याला सांगता आलं ते एवढंच, की ती इथे आहे. का आहे, हे सांगायला मी हवी होते, आणि मी फटफटीमागे पडून त्याला शाप देत होते.

गावात पोचल्यावर आबेल आपल्या घराकडे वळला नाही. सिलासच्या दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, “सिलास, चहा टाकतोस का? आणि तो म्हातारा नर उरला असेल तर वाटाही दे. सूप पिऊन पिऊन माझी बायको मला घराबाहेर काढायला निघालीय.”

सिलास आत गेला आणि मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा घेऊन आला. आबेलने तो दोन्ही हातांनी घेतला.

माझी चीर सिलासने ओल्या कातडी वादीने घट्ट बांधली. वादी वाळली आणि मी पुन्हा ताठ झाले. लोरेटाने माझ्या मुठीजवळ तिसरी फुली कोरली. मधल्या हिवाळ्यांत किती फुल्या कोरायच्या राहिल्या, ते आता कोणालाच कळणार नाही.

बाईंनी पट्टा परत मागितला नाही. तो आणि मी आता सभागृहात एकाच खिळ्याला टांगलेले आहोत. शाळेतली मुलं येतात. अजूनही आधी पट्ट्यालाच हात लावतात आणि अजूनही मला थोडं झोंबतं. स्वभाव आहे, जात नाही. पण महिन्यातून एकदा तीच मुलं मला खांद्यावर घेऊन डोंगरावर जातात, बर्फात खुपसतात आणि कान देऊन ऐकतात. परत आल्यावर मी पट्ट्याला सांगते, आज बर्फ मऊ होता. तो काही बोलत नाही. त्याच्या आतले केस मात्र अजून कोणी काढलेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्यातरी सामानामागे माझ्यासारखं काहीतरी पडलं असेल. नवं जरूर आणा, पण जुन्याला एकदा हातात घेऊन विचारा. आणि माझ्यासारखे जळत बसू नका. जळणाऱ्याला शेजारी बसलेला माणूस दिसत नाही.