कोरड्यात उभा सागरनाथ

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अंधेरीच्या कोळीवाड्यातली माणसं वाकवाकून खाली बघत होती. भरतीचं पाणी भिंतीला धडका देत होतं आणि त्या पाण्याच्या पोटात, भिंतीला चिकटलेल्या, वरून आणि भिंतीच्या बाजूने उघड्या लोखंडी पेटीत, सागरनाथ महाराज उभे होते. धोतरसुद्धा ओलं नाही!

“दर्यानं मला जागा दिली! बघा, पेटीला एक बोल्ट नाही. माझ्या मंत्रानं भिंतीला धरलीय. इथला गाळ जखमेला लावा, औषधं फेका!”

नेत्रा गर्दीत घुसली. या तडकलेल्या धक्क्याच्या दुरुस्तीवर ती इंजिनीयर होती. चार दिवस मुलुंडच्या कामावर गेली, तेवढ्यात महाराजांचा भक्त असलेल्या मुकादम सुशांतने त्यांना पेटीत उतरवलं होतं. आणि शिडीपाशी पहिला नंबर कुणाचा? तिच्याच आईचा. सोनूबाईने मधुमेहाने चिघळलेल्या पायाची पट्टी सोडून हातात धरली होती.

“आई, इंजेक्शन घेतलंस?”

“चार दिस नाय. महाराज बोलले, नको. मना अडवू नको गं.”

नेत्रा तडक पेटीतलं पाणी उपसणाऱ्या पंपापाशी गेली.

“महाराज, पेटी मंत्रावर आहे ना? मग हा पंप फुकट डिझेल खातोय. बंद करते.”

“थांब! अगं, मुहूर्त...”

पंप थांबला. पेटीच्या भिंतीला टेकलेल्या रबरी कडांतून पाणी झिरपतच होतं, ते आता साचू लागलं. घोटे बुडाले, मग पोटऱ्या.

“सांगा ना दर्याला, मागे हो म्हणून!” कुणीतरी ओरडलं.

गुडघ्याला पाणी लागताच महाराज धोतर खोचून शिडी चढले ते थेट रस्त्यालाच लागले. हसू उसळलं.

नेत्राने पंप सुरू केला. मग हातात प्लास्टिकची पिशवी चढवली आणि तिचं तोंड वर ठेवून हात मासळीच्या पाण्याने भरलेल्या टबात बुडवला. पिशवी हाताला घट्ट चिकटली.

“कोणी चिकटवली? बाहेरच्या पाण्यानं! पेटी आतून उपसली की दर्या तिला तशीच भिंतीवर दाबतो. मग कामगार कोरड्यात उभे राहून तडे बुजवतात. तुम्ही पाहिलंत ते खरंच होतं, कारण मात्र खोटं सांगितलं गेलं. नवल वाटलं तर हात जोडायच्या आधी विचारा ना, कसं झालं म्हणून!”

सोनूबाईने पिशवी ओढून घेतली, स्वतःचा हात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला.

“मंग रिकामी पेटी वर का नाय तरंगत?”

“तळाला काँक्रीटची वजनं आहेत. सगळं सांगते, आधी रिक्षात बस. दवाखान्यात जायचंय.”

“रिक्षात सांग,” सोनूबाई म्हणाली आणि लंगडत पुढे निघाली.