ओटीत ठेवलेला दिवा

सोमवार, दिनांक अकरा मार्च २०२४. वेळ दुपारी बाराची. स्थळ बेळगावच्या खासबागेतील एका कुरियर कार्यालयाचे मागचे अंगण, आणि त्या अंगणातही, नेमके सांगायचे तर, कोरड्या वाळूने भरलेली एक लोखंडी बादली. मित्रांनो, मी एक जुना हातदिवा आहे, आणि या वाळूत मला कडीपर्यंत पुरले आहे. का पुरले, हे सांगून होईपर्यंत मला अवधी मिळावा, एवढीच माझी प्रार्थना आहे. माझ्या पोटातली धग अजून निवलेली नाही.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. तळाशी चिकटवलेला कागद केव्हाच झिजून गेला. माझ्या पोटात लिथियमची बॅटरी आहे, एवढे मात्र निश्चित. ती तळहातात मावते. परंतु लहान वस्तूचा कोपही लहानच असतो, हा समज ज्यांनी बाळगला ते फसले.

सहा वर्षांपूर्वी वडगावातील विणकर तम्मण्णा यांनी मला बाजारातून आणून आपल्या हातमागावर टांगले. त्या खोलीला खिडकी एकच, आणि वीज भरदुपारी जाणारी. वीज गेली की माझ्या उजेडात साडीच्या काठाचा धागा अंगाच्या धाग्याला भेटत असे. "ह्यो हाय म्हणून माझा काठ सरळ जातोय," असे तम्मण्णा आल्यागेल्याला सांगत. त्या शब्दांनी मी उजळत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी खुंटीवरून निसटलो आणि मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात आदळलो. त्या दिवसापासून माझे पोट फुगू लागले. पाठीचे झाकण बसेना. तम्मण्णांनी साडीतला उरलेला लाल रेशमी धागा घेऊन माझ्या पोटाला सात वेढे दिले. तो धागा मायेचा होता, पण तो उपचार नव्हता. तुम्ही म्हणाल, दिवा उजेड तर देत होता, मग दोष कसला? हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. फुगलेली बॅटरी उजेड देते, ती धडधाकट असते म्हणून नव्हे, तर ती अजून फुटलेली नसते म्हणून. हे मला कळत होते आणि सांगता येत नव्हते. माझी भीती तेथून सुरू झाली.

जवळच्या कंग्राळी गावची लेक माधवी सध्या कॅनडात असते. तिने आपल्या मुलीच्या लग्नासाठी साडी मागवली. दोन महिने तम्मण्णा ती विणत होते. परदेशी ग्राहकांशी बोलणे आणि पार्सल पाठवणे हे त्यांची सून मनिषा पाहते. पण त्या घराचा एक रिवाज आहे: साडी घरातून रिकामी जात नाही. घडीत तांदूळ, नारळ आणि खण घालून तिची ओटी भरायची, मगच उंबरा ओलांडायचा. मागच्या खेपेस कुरियरवाल्या परशरामने पार्सलातून तांदूळ आणि नारळ काढून ठेवले. "भाईर देशात धान्य न् नारळ चालत न्हाय, आक्का," तो म्हणाला. त्या गडबडीत खणही मागेच राहिला. साडी ओटीविना गेली, आणि तम्मण्णांची बायको बायाक्का त्या दिवशी जेवली नाही.

या वेळी तिने विचार केला, की दिवा हे धान्यही नव्हे आणि फळही नव्हे. आज सकाळी मनिषा चिकटपट्टी आणायला आत गेली, तेव्हा बायाक्काने मला खुंटीवरून काढले. "तुझ्याच उजेडात इणलीया ती," ती हळूच म्हणाली. "तूच जा तिच्यासंगं." आणि तिने मला साडीच्या पदराच्या घडीत सरकवले.

खोके बंद झाले. मनिषाने ते दाबून बांधले आणि त्या दाबाने माझे बटण आत गेले. मी पेटलो. मित्रांनो, एरवी अंधाराला भिणारा दिवा त्या क्षणी स्वतःच्या उजेडाला भ्याला. चहूकडे रेशीम आणि पुठ्ठा. ऊब जायला वाट नाही. पोट आणखी फुगून धाग्याचा पहिला वेढा तुटल्याचे मला स्पष्ट जाणवले. मग दुसरा.

कार्यालयात परशरामचा आवाज आला. "मनिषाताई, आत बॅटरी, पॉवरबँक, खेळणं, कायबी?"

"साडी हाय ओ फक्त. दरवेळी तेच इचारतासा."

"इचारायला लागतंय. परवा एकानं बुटात पॉवरबँक घालून आणलता. म्हणतोय, बुटाचा आकार मोडू नये म्हणून घातलाय!"

मनिषा हसली आणि तिने कागदावर सही केली. आत बॅटरी नाही, असे लिहून देणारी ती सही. तिच्या लेखी ते खरेच होते. मी आतून ओरडू पाहत होतो. तिसरा वेढा तुटला.

"आन् असली तर काय हुतंय?" हा बायाक्काचा आवाज. ती साडीला निरोप द्यायला सोबत आली होती.

"असली तर नियम लई हायत, आक्का. तपासणीचा कागद पायजे. वस्तूत घट्ट बसवल्याली पायजे. बटण दबू नये अशी बांधायची, चार्ज थोडाच ठेवायचा, आन् कागदावर खरं लिवायचं. लपवून तर न्हायच. फुगल्याली असली तर विषयच संपला. विमानात चढवतच न्हाईत."

"का?"

"वर पेटली तर इझवायची कुणी? तिथं काय इहीर हाय?"

मग बायाक्काने विचारले, "त्या विमानात माणसं असत्यात काय रं?"

"असत्यात की. माणसं वर, पार्सल खाली."

चौथा वेढा तुटला.

"मनिषा," बायाक्का म्हणाली, "ती सही खोड, बाई. आत दिवा हाय. म्या घातलाय."

खोके फाडले गेले. मनिषाने घडी उलगडताच माझा उजेड तिच्या तोंडावर पडला आणि जळक्या रेशमाचा वास सुटला. पदरावर चिंचोक्याएवढा तपकिरी डाग होता. "लांब व्हा, दोघीबी!" म्हणत परशरामने मला चहाच्या सांडशीने धरले आणि हात लांब ठेवून या वाळूपर्यंत जवळजवळ धावत आणले.

आता ते सारे दारात उभे आहेत.

"आत्ती, सही माझी हुती," मनिषा सासूला म्हणते आहे. "वर कायबी झालं असतं तर?"

"माझं चुकलं गं. पर रिकामी कशी धाडायची?"

"तुमच्या पिशवीत खण दिसतोय की, त्यो घाला. खणाला कोण अडवत न्हाय," परशराम सांगतो आहे. "नारळ हितंच देवाला फोडा आन् परसाद मला आणा. पदर मातर तम्मण्णा आप्पांस्नी नवा इणून जोडायला लावा."

साडी मागाकडे परत निघाली आहे. तिच्या नव्या पदरावर माझा उजेड पडणार नाही, हे मी ओळखून आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचे पोट फुगले असेल, तर त्याला धाग्याने बांधू नका, कपाटात दडवू नका आणि प्रेमापोटीही कोणाच्या सामानात घालू नका. तो बोलू शकत नाही. त्याच्या वतीने खरे ते तुम्हीच लिहा.

बायाक्का अजून गेलेली नाही. दारातूनच ती विचारते आहे, "सांजच्याला निवला, की न्यू काय रं त्येला? मागावर टांगीन."

"न्हाय आक्का," परशराम म्हणतो. "ह्यो दिवा संपला."