लागेल

“आई, लागतंय!”

“काही लागत नाही. टाच आपट जमिनीवर. अजून एकदा.”

लेकीने टाच आपटली. आईने चमच्याचा दांडा टाचेमागे सरकवून पाहिला. तरी बूट चढेना. काळे, चकचकीत, तळाला मातीचा कणही न लागलेले बूट. लेकीच्या आतेने दोन वर्षांपूर्वी पाठवले तेव्हा मोठे होते. गेल्या वर्षी अगदी मापात बसले, पण तेव्हा जुना जोड धड होता. मग खोक्यात घालून कपाटात ठेवले. लागतील.

हा शब्द त्या घरात मिठासारखा होता, सगळ्यात पडायचा. पोर झाल्यापासून तिला उद्याची धास्तीच बसली होती. पळू नकोस, लागेल. ती बाटली फेकू नका, लागेल. जेवणाच्या टेबलाची चौथी खुर्ची कधीची गाठोड्यांखाली गेली होती. नवरा म्हणायचा, “उद्या प्रभू जेवायला आला ना, तर त्याला उभ्यानेच जेवावं लागेल. खुर्चीवर तुझं ‘लागेल’ बसलंय.” ती हसायची. खुर्ची मात्र रिकामी व्हायची नाही.

“काढ,” ती लेकीला म्हणाली. आणि बूट हातात आल्याबरोबर तिला चर्चमधल्या मावशी आठवल्या.

आठवल्या म्हणजे काय, विसरल्या कधी होत्या? मावशी चर्चची झाडलोट करत. गेल्या हिवाळ्यात उपासना संपल्यावर त्या बाकापाशी घुटमळल्या होत्या. “बाई, तुमच्या पोरीचे एखादे बूट असतील का, जुने? माझी नात नि ती एकाच वयाच्या. शाळेत चपला चालत नाहीत म्हणे.”

पाळकांनी त्याच सकाळी कोठारं भरत बसलेल्या धनवानाची गोष्ट सांगितली होती. ती ऐकताना हिला शेजारचे बंगलेवाले आठवले होते, आणि हिने मान डोलावली होती.

“नाहीत हो मावशी,” ती म्हणाली होती. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. “असते तर दिले नसते का?”

“दिलेच असते की. ठाऊक नाही होय मला!”

ते शब्द वर्षभर कपाटात होते, त्याच खोक्यात.

रविवारी ती खोकं घेऊन गेली. नात लेकीएवढीच, पण अंगाने काटकुळी. पाऊलही बारीकच असेल, अशी तिने वाटेवर मनाची समजूत घातली.

उपासना संपून लोक पांगले होते. मावशींजवळ नातही होती. मावशींनी खोकं उघडलं आणि झाडू बाकाला टेकवला. “अगं बाई, कोरे करकरीत! बघ गं, वर्षभर लक्षात ठेवलं बाईंनी. म्हटलं नव्हतं मी, असते तर दिलेच असते?”

तिची मान वर होईना.

नातीने दोऱ्याने बांधलेली चप्पल काढली, बुटाच्या टोकात कोंबलेला कागदाचा बोळा काढला आणि दोन्ही पाय आत सारून नाड्या बांधल्या. चेहरा क्षणभर आवळला, मग सरळ झाला. ती दोन पावलं चालली.

“लागतात का गं?” मावशींनी विचारलं.

“नाही आजी. मुळीच नाही.”

ती नातीपुढे खाली बसली. कुठलीही आई दाबून पाहते तसा तिने बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. आत बोटं मुडपलेली होती. त्या पोरीने तिच्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. सांगू नका.

“मावशी, हे बूट गेल्या वर्षीही होते,” ती म्हणाली. “घरातच होते. तुम्ही मागितले तेव्हा.”

मावशी गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या, नातीच्या बुटांच्या नाड्या सोडवल्या आणि एकेक पाय बाहेर काढला. लाल झालेली बोटं तळहाताने चोळली.

“आमच्या शेजारणीची पोर धाकटी आहे,” मग त्या म्हणाल्या. “आजच देऊन टाकते. तिला लागतील.”

“मी हिला नवे घेऊन—”

“पाय घ्या बाई जरा.”

तिने पाय मागे घेतले. तिथला कागदाचा बोळा मावशींनी झाडूने ओढून सुपलीत घेतला. मग रिकामं खोकं उचललं. चांगलं जाड होतं, झाकणासकट.

“हे नेताय घरी, का टाकू?”

शब्द तिच्या ओठांवर आलाच होता. तिने ओठ मिटून घेतले. बाकाशी नात वाकून चपलेचा दोरा पुन्हा बांधत होती.