चार बोटं खोल

फुटबॉलची मोठी स्पर्धा संपल्यावर गवतवाल्याच्या पदरात तीन गोष्टी पडायच्या होत्या. एक, कायमची नोकरी. दुसरी, स्टेडियमच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांखालच्या ज्या दोन खोल्या स्पर्धेपुरत्या मिळणार होत्या, त्या पुढेही, नोकरी असेपर्यंत. तिसरी कुठल्याही कागदावर नव्हती, पण मनातल्या मनात तो तिलाच सगळ्यात वरचा भाव देत होता. सासऱ्यांनी त्याची ओळख करून देताना घसा खाकरायचं थांबवावं. पंधरा वर्षं ते "हे आमचे जावई" म्हणत आणि जावई काय करतात हे सांगायची वेळ आली की त्यांना खोकला येई. बागांमधलं गवत कापणारा माणूस जावई म्हणून वाईट नव्हता, फक्त सांगायला अवघड होता.

बदल्यात त्याला स्वतःला फारसं काही द्यायचं नव्हतं. द्यायचं होतं ते बायकोला. जुन्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे खिडकीला टेकवलेलं मशीन आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही. वहीत दीडशे घरांच्या कमरा होत्या. कोणाची किती वाढली, कोण वाढलेली कबूल करत नाही, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. ते सोडून तिने पायऱ्यांखाली राहायला यायचं होतं. तिचा धाकटा भाऊ या स्टेडियमात खुर्च्या बसवणाऱ्यांचा मुकादम होता, आणि नोकरीचं पत्र त्यानेच आणलं होतं. तो म्हणाला, "ताई, तीस हजार माणसं तुझ्या डोक्यावर बसणार. शंभरातल्या एकाचं बटण तुटलं तरी तुला उसंत मिळायची नाही."

तिने वही फडक्यात बांधून घेतली.

पत्रात एक अट होती आणि ती सगळ्यांनी वाचली होती. स्पर्धेनंतरच्या पहिल्या वर्षात मैदानावर बारा सामने झाले, तर नेमणूक कायम. मेहुण्याने हिशेब करून दाखवला की महिन्याला एक पडतो, तेवढे तर चुकूनसुद्धा होतील.

खोल्यांचं छत म्हणजे वरच्या पायऱ्यांची उलटी बाजू. दाराशी ताठ उभं राहता येई, पलंगाकडे जाताना वाकावं लागे, आणि पलंगापाशी पोचल्यावर आडवं होण्यावाचून इलाज नसे. खिडकी नव्हती. ओट्यावर एक जाळी होती, तिच्यातून खेळाडू मैदानात जातात त्या बोगद्याची भिंत दिसे. स्पर्धेतले पाच सामने इथे झाले आणि पाचही वेळा ती मांडणीला पाठ लावून उभी होती, कारण वर तीस हजार माणसं पाय आपटत आणि खाली कपबश्या चालायला लागत. तिला पास मिळाला नव्हता. नवऱ्याला बोगद्याच्या तोंडाशी उभं राहायची परवानगी होती, पण गोल कोणी केला हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो फक्त बूट बघे. सात नंबरवाल्याने कोपऱ्यात केवढं ढेकूळ उपटलं, एवढीच त्याच्याकडची बातमी.

गवतासाठी आयोजकांनी एक तज्ज्ञ पाठवला होता. उंच, कमी बोलणारा, बोटं अशी निमुळती की घड्याळं दुरुस्त करतो म्हटलं असतं तरी खरं वाटलं असतं. तो जमिनीत चाकू खुपसून गवतासकट मातीचा तुकडा वर काढायचा आणि मुळांना आडवी बोटं लावून बघायचा. मुळं चार बोटं खोल असली तर मैदान खेळायला द्यायचं. कमी असली तर विश्रांती. दर सोमवारी तक्ता भरायचा, त्यात दोनच चौकटी, 'खेळण्यायोग्य' आणि 'विश्रांती'. एकीत खूण, खाली सही. गवतवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मनाजोगं काही शिकवलं होतं.

जाताना तज्ज्ञाने त्याला आपले चामडी हातमोजे दिले. एकाचा अंगठा उसवला होता, तो बायकोनेच शिवला होता. पण गवतवाल्याच्या हातात ते दुसऱ्या पेराच्या पुढे सरकेनात. त्याची बोटं म्हणजे तंबूच्या खुंट्या. मग त्याने ते दाराशेजारी खिळ्याला अडकवले, आल्यागेल्याला दिसतील असे. आलंगेलं कोणी नव्हतं, ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे शिवायला येणाऱ्यांना फाटकावरचा पहारेकरी ओळखपत्र मागायचा, आणि परकराचा घेर उसवला म्हणून कोणी ओळखपत्र घेऊन घराबाहेर पडत नाही. वर्षभरात तिने शिवलं काय, तर पहारेकऱ्याचाच खिसा. तोही फुकट.

मैदानाचं दक्षिण टोक छपराच्या सावलीत होतं. स्पर्धेत तिथे चाकांवरचे मोठमोठे दिवे लावून गवताला ऊन पुरवलं जाई. अंतिम सामन्यानंतर चौथ्या दिवशी दिवे ट्रकमध्ये चढले. गवत मागे राहिलं, ऊन गेलं. गवतवाल्याने पाणी बदललं, खत बदललं, कापायची उंची बदलली. सोमवारी चाकू खुपसायचा, बोटं लावायची. तीन. पुढच्या सोमवारी तीन. विश्रांती, विश्रांती, विश्रांती.

पहिल्याच महिन्यात मास्तर आले. शहरातल्या दुसऱ्या फळीच्या क्लबचे ते प्रशिक्षक. क्लबला स्वतःचं मैदान नव्हतं, हंगामात घरचे चौदा सामने होते आणि भाडं द्यायची तयारी होती. चौदातून बारा गेले तर दोन उरतात, हे सांगायला मुकादमाची गरज नव्हती. गवतवाल्याने मास्तरांना दक्षिण टोकाला नेलं, मुळं दाखवली आणि सहा आठवडे मागितले. सहा आठवड्यांनी मास्तर परत आले, तेव्हा आणखी सहा मागितले.

मास्तर म्हणाले, "भाऊ, आम्ही खेळतो त्या मैदानाच्या मधोमध विजेचा खांब आहे. आमची पोरं त्याला बारावा खेळाडू म्हणतात. आम्हाला कसल्या मुळांच्या गोष्टी सांगता?"

गवतवाल्याला खांबाचं वाईट वाटलं. पण तीनची चार होईनात.

मेहुण्याने मग समजूत घालून पाहिली. खूण पहिल्या चौकटीत करायची, पेन तेच, हात तोच. गवतवाल्याने विचारलं, कुणाचा पाय मुरगळला तर? "मुरगळू दे की, दाजी. चौदा सामन्यांत चौदा पाय मुरगळले तरी तुमची नोकरी पक्की होते." यावर दाजींनी पेन खिशात घातलं आणि चाकू घेऊन दक्षिण टोकाकडे गेले. उलट स्टेडियमचे साहेब त्याच्यावर खूश होते. इतका प्रामाणिक तक्ता आपण नोकरीत पाहिला नाही, असाच भरत राहा, असं ते म्हणत आणि प्रत्येक तक्ता निळ्या फायलीत स्वतःच्या हाताने लावत. रिकाम्या स्टेडियमच्या खर्चाचा जाब ज्याला वर द्यावा लागतो, त्या माणसाला विश्रांतीचं एवढं प्रेम का, हा प्रश्न गवतवाल्याला पडला नाही. कौतुक झालं की त्याला कुठलेच प्रश्न पडत नसत.

सहाव्या महिन्यात, मास्तरांचा हंगाम पाच दिवसांवर आला असताना, गवतवाला तापाने फणफणला. दिवस सोमवार. तो उठू बघत होता, पण उतरत्या छताला डोकं आपटून पुन्हा आडवा झाला. शेवटी त्याने कोऱ्या तक्त्यावर सही केली, चाकू बायकोच्या हातात दिला आणि दोनदा समजावलं. दक्षिण टोक, गोलच्या डाव्या खांबापासून सहा पावलं. चार बोटं असली तर पहिली चौकट, नाहीतर दुसरी. पंधरा वर्षांत त्याने आपल्या कामाला तिचा हात पहिल्यांदाच लागू दिला होता.

सकाळचं स्वच्छ ऊन होतं, दक्षिण टोक सोडून सगळीकडे. तिने सहा पावलं मोजली, चाकू खुपसला, तुकडा वर काढला, माती झटकली आणि मुळांना बोटं लावली. चार. चार बोटं पूर्ण, वर केसाएवढी टोकं बाहेर. ती तिथेच गुडघ्यांवर बसून हसली. चौदा सामने, दोन खोल्या, बापाचा खोकला, सगळं त्या मूठभर मातीत दिसलं तिला.

मग तिची नजर स्वतःच्या बोटांवर गेली. बारीक, सुईची सवय झालेली. दीडशे घरांची मापं घेतलेल्या बाईला माप कोणाच्या हाताने घेतलं हे विसरता येत नाही. नवऱ्याच्या जाड बोटांनी हेच मूळ तीन भरणार होतं. काम त्याचं, सही त्याची, तर बोटंही त्याचीच धरायला हवीत. तिने दुसऱ्या चौकटीत खूण केली, व्यवस्थित, एका रेषेत.

कचेरीत मास्तर त्या सोमवारच्या तक्त्याची वाट बघत खुर्चीच्या कडेवर बसले होते. साहेबांनी तक्ता घेतला, वाचला आणि टेबलावरून फिरवून त्यांच्यासमोर सरकवला.

मास्तरांनी विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वतः बघितलंत?"

"हो."

"किती होती?"

"तीन," ती म्हणाली. "ह्यांच्या बोटांनी."

"झालं तर मग," साहेब म्हणाले.

मास्तरांनी तक्ता साहेबांकडे परत सरकवला. मग "बरं" म्हणून उठले, आणि दारातून जाताना तिच्यासाठी दार धरून ठेवलं. त्या हंगामात ते खांबवाल्या मैदानावरच खेळले. पुन्हा विचारायला आले नाहीत.

घरी नवऱ्याने ग्लानीतच विचारलं, किती? ती म्हणाली, तीन. "मी म्हटलं नव्हतं?" असं पुटपुटून तो समाधानाने झोपी गेला. कचेरीत कोण बसलं होतं, हे तिने सांगितलं नाही.

वर्ष भरलं, सामना एकही झाला नाही. पत्र आलं, सोबत बावन्न तक्त्यांच्या प्रती. मैदान खेळासाठी कायमचं अयोग्य आहे, हे मैदानप्रमुखांच्या साप्ताहिक अहवालांवरून सिद्ध होतं, सबब तिथे बसगाड्यांचा तळ होईल, खोल्या पंधरा दिवसांत रिकाम्या कराव्यात. गवतवाल्याला कोणीतरी मैदानप्रमुख म्हटलं होतं. त्याने तो शब्द दोनदा वाचला. मग प्रती एकेक करून उलटल्या. बावन्नही सह्या त्याच्या होत्या.

"खोटं काही नाही यात," तो म्हणाला.

ट्रक मेहुण्यानेच आणला. मशीनचा लोखंडी सांगाडा उचलताना गंजलेल्या कडा हाताला लागत होत्या, म्हणून तिने खिळ्यावरचे हातमोजे काढले आणि चढवले. ते बोटांच्या मुळापर्यंत सहज गेले. तिने मुठी मिटल्या, उघडल्या. कुठे ढिले नव्हते, कुठे दाटत नव्हते. चार बोटांचं माप ज्याने स्वतःच्या बोटांनी ठरवलं होतं, त्याचे हे मोजे. ती सांगाडा न उचलता तशीच उभी राहिली.

भाऊ म्हणाला, "ताई, कसल्या विचारात पडलीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "मापात बसले."

नवरा बाहेर, डांबराची गाडी दक्षिण टोकाकडून आत शिरताना बघत होता. चाकं कुठे कुठे रुततात, तेवढंच.

आता या सगळ्याची किंमत कोणी काय भरली ते पाहू. साहेबांनी काही भरलं नाही. खर्च वाचवला म्हणून त्यांना दुसऱ्या शहरातलं असंच एक स्टेडियम सोपवलं आहे. मेहुण्याला खुर्च्या उचकटायचं काम मिळालं, म्हणजे एकाच खुर्चीवर त्याला दोनदा मजुरी. मास्तरांच्या गोलकीपरने खांबाला धडकून उजवा खांदा घालवला. त्याने या स्टेडियमात पाऊलही ठेवलं नव्हतं. सासऱ्यांचा खोकला तसाच राहिला. गवतवाला एका इस्पितळाच्या आवारातलं गवत कापतो, रोजावर, पण मुळं तीनच बोटं होती हे त्याचं म्हणणं त्याच्यापाशी शाबूत आहे. जुन्या गल्लीतल्या खिडकीत दुसऱ्या बाईचं मशीन बसलं आहे, आणि वहीतल्या दीडशे कमरा आता त्या बाईच्या फितीने मोजल्या जातात. बाकी जे काही उरलं ते सगळं बायकोने भरलं, नवऱ्याला कळू न देता. त्याची पावती तिच्या मशीनच्या खणात आहे, हातमोज्यांचा एक जोड, तिच्या मापाचा.